ओसीआय मुलांचा पुण्यातला शाळाप्रवेश आणि जनरल रजिस्टरमधला राष्ट्रीयत्वाचा रकाना

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारे एक मराठी कुटुंब २०२७ च्या जूनमध्ये कायमचे पुण्याला परतणार आहे. आईवडील अजून भारतीय पासपोर्टवरच आहेत, दोन्ही मुले जन्माने अमेरिकन. मोठा मुलगा मे २०१३ चा, त्याचे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड २०१४ मध्ये निघाले. तो आठवी पूर्ण करून येईल. धाकटी ७ एप्रिल २०२१ ची, तिचे कार्ड २०२२ चे, तिला पहिलीत घालायचे आहे. कोथरूडमधल्या एका शाळेने फोनवर सांगितले, "फॉरेनची मुलं आम्ही घेत नाही, स्टुडंट व्हिसा आणि पोलिसांची परवानगी आणा." दुसऱ्या शाळेने वेगळ्या "एनआरआय फी"चा विषय काढला. नातेवाइकांचा सल्ला असा, की अमेरिकन असल्याचे बोलूच नका, फॉर्मवर भारतीय लिहा आणि मोकळे व्हा. शिवाय मुलाची नववी तिकडेच करून त्याला थेट दहावीत आणावे, असाही विचार घरात चालू आहे. आईने विचारले आहे: नियम नेमका काय, आणि आत्तापासून काय करावे?

मी पुण्यातल्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर परदेशातून परतणाऱ्या कुटुंबांच्या शाळेच्या कागदपत्रांचेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मुख्य उत्तर. ओसीआय कार्ड असलेल्या मुलाला भारतात शाळेत शिकायला स्टुडंट व्हिसा लागत नाही आणि पोलिसांची किंवा एफआरआरओची, म्हणजे परकीय नागरिकांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयाची, परवानगीही लागत नाही. ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा, कितीही वेळा ये-जा करता येणारा व्हिसा. इथे कितीही दिवस राहिले तरी परकीय नागरिक म्हणून नोंदणी करण्यातून ओसीआयधारकाला सूट आहे. संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रचार, गिर्यारोहण अशा काही कामांना वेगळी परवानगी लागते, शालेय शिक्षण त्यात येत नाही. म्हणजे पहिल्या शाळेने मागितलेले दोन्ही कागद तुम्हाला मिळणार नाहीत, कारण तुमच्या मुलांसाठी ते निघतच नाहीत.

मग शाळेचा कारकून असे का बोलतो? बहुतेक वेळा भीतीपोटी. परकीय नागरिकांबाबतचे जुने कायदे एकत्र करणारा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. परकीय विद्यार्थ्याला प्रवेश दिल्यावर त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला कळवण्याची जबाबदारी त्यात शिक्षणसंस्थेवर आहे. ही जबाबदारी आधीही होती. पण ज्या शाळेत वर्षानुवर्षे असा विद्यार्थी आलेलाच नाही, तिथे "कळवणे" आणि "परवानगी घेणे" यांची गल्लत होते आणि समोरच्याला कागद आणायला पिटाळले जाते. कळवायचे काम शाळेचे असते, प्रवेशानंतरचे असते आणि ते ऑनलाइन होते. हे शांतपणे, लेखी सांगितले की निम्म्या शाळांचा सूर बदलतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

आता कायद्याचा पाया. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला लागू आहे आणि त्यात नागरिकत्वाची अट घातलेली नाही. हे नुसते पुस्तकातले राहिलेले नाही. कोकणात आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून येणाऱ्या कुटुंबांची मुले रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत बसतात, मराठी कविता पाठ करतात, स्नेहसंमेलनात नाचतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीतल्या रोहिंग्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. तेव्हाही न्यायालयाने हेच सांगितले, की मुलांनी आधी सरकारी शाळेकडे जावे आणि प्रवेश नाकारला गेला तर उच्च न्यायालयात दाद मागावी. ज्यांच्याकडे धड कागद नाहीत त्या मुलांनाही सरकारी शाळेचा दरवाजा ठोठावता येतो. तुमच्याकडे तर सगळे कागद आहेत. तेव्हा "फॉरेनची मुलं" हे कारण ऐकून खचून जाऊ नका.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. महापालिकेची, जिल्हा परिषदेची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. खासगी विनाअनुदानित शाळेवर कायद्याचे बंधन आहे ते २५ टक्के जागांपुरते, आणि त्या जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी आहेत. बाकीच्या जागांवर कोणाला घ्यायचे हे शाळा आपल्या जाहीर नियमांनुसार ठरवते. त्यामुळे एखाद्या खासगी शाळेशी भांडत बसण्यापेक्षा लेखी उत्तर मागा आणि दुसरीकडे चौकशी चालू ठेवा. पुण्यात परतलेल्या कुटुंबांची सवय असलेल्या शाळा भरपूर आहेत. हिंजवडी, बाणेर, औंध भागात तर हा प्रश्न आता कोणाला नवीन वाटत नाही.

केंद्रीय विद्यालयाचा विचार असेल तर तिथला नियम कडक आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून प्रतिनियुक्तीवर आलेल्या परकीय अधिकाऱ्यांची मुले पहिल्या प्राधान्यगटात येतात. कामानिमित्त किंवा वैयक्तिक कारणाने इथे राहणाऱ्या परकीय नागरिकांची मुले शेवटच्या गटात येतात, आणि प्रतीक्षायादीत एकही भारतीय मूल उरले नसेल तरच त्यांचा विचार होतो. शिवाय तिथे पहिलीसाठी ३१ मार्चला ६ वर्षे पूर्ण लागतात. तुमची मुलगी आठवड्याभराने चुकते. ते नाव यादीतून काढून टाका.

धाकटीचा प्रवेश सोपा आहे. महाराष्ट्रात पहिलीसाठी वय मोजण्याची तारीख ३१ डिसेंबर आहे. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला ६ पूर्ण हवीत, तिची एप्रिलमध्येच होतात. सीबीएसई शाळांत मात्र काही संस्था मार्चअखेरची तारीख धरतात, तेव्हा अर्ज करण्याआधी हे एक विचारून घ्या. पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घ्यायला कायद्याने बंदी आहे. देणगी घ्यायलाही बंदी आहे, आणि घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. महाराष्ट्रात तर १९८७ पासून कॅपिटेशन फी विरोधी वेगळा कायदा आहे आणि शाळेचे शुल्क २०११ च्या शुल्क नियमन कायद्याखाली ठरते. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढून आलेला शुल्काचा तक्ता मागा. त्यात "एनआरआय फी" नावाची ओळ आहे का, ते पाहा. नसेल तर ती मागणी कशाच्या आधारावर आहे, हे ईमेलवर विचारा. तोंडी मागणी करणारी माणसे लेखी उत्तर द्यायची वेळ आली की बहुधा मागे सरतात.

आणि एक आनंदाची गोष्ट. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे आहे. तिला पहिलीपासून इतर मुलांबरोबरच अक्षरओळख होईल. परदेशातून आलेल्या लहान मुलांच्या बाबतीत मी हे पुष्कळदा पाहिले आहे, की पहिले दोन-तीन महिने ती गप्प असतात आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मैदानावरचे शब्द घरी येऊ लागतात. त्या गप्प काळात घाबरून शाळा बदलू नका.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतले तो मुद्दा. प्रवेश होतो. आज नाही या शाळेत तर उद्या त्या शाळेत होतो. पण प्रवेशाच्या दिवशी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जे लिहिले जाते, ते दहा-बारा वर्षांनी पुढे येते, आणि तेव्हा खरे घोडे अडते. तिकडे पालकांचे लक्ष नसते, कारण त्या दिवशी सगळे गणवेश आणि बसच्या मार्गाच्या गडबडीत असतात.

जनरल रजिस्टर म्हणजे शाळेची मूळ नोंदवही. विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, आईचे नाव, राष्ट्रीयत्व, मातृभाषा, धर्म, जात, जन्मस्थळ (गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश), जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा व इयत्ता असे रकाने त्यात असतात. शाळा सोडल्याचा दाखला याच नोंदीची नक्कल असतो. दहावीच्या मंडळाकडे जाणारी माहितीही इथूनच जाते. आता कारकुनाच्या समोर वर्षभरात दोनशे फॉर्म येतात आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्यांत राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात "भारतीय" असते. हात सवयीने तेच लिहितो. काही ठिकाणी संगणकात तो शब्द आधीच भरलेला असतो. पालकांना ते पाहून बरेच वाटते, आणि नातेवाईक तर तसेच लिहा म्हणून आग्रह करतात.

तसे लिहू देऊ नका. मुलांचे राष्ट्रीयत्व "अमेरिकन" आणि त्यापुढे "ओसीआय कार्डधारक" अशीच नोंद करून घ्या, कार्डाचा क्रमांक फॉर्मवर लिहा आणि कार्डाची प्रत जोडा. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ओसीआय हे नागरिकत्व नव्हे. मुलगा बारावीनंतर प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरेल तेव्हा एका बाजूला अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय असेल, दुसऱ्या बाजूला "भारतीय" असा दाखला असेल, आणि कागद तपासणारा अधिकारी पहिला प्रश्न विचारेल, की यातले खोटे कुठले? माझ्या पाहण्यातल्या एका मुलीचे असेच झाले. गुण उत्तम, जागा मिळण्यासारखी, आणि कागदपडताळणीच्या टेबलावर दाखला व पासपोर्ट जुळेनात. शाळेने आपली चूक कबूल करून पत्र दिले, पण ते येईपर्यंत ती फेरी निघून गेली. त्या मुलीचा यात काडीचाही दोष नव्हता. दोष होता तो तिच्या पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी एका रकान्यात सवयीने पडलेल्या शब्दाचा.

मूल शाळेत असेपर्यंत नोंद दुरुस्त करता येते. पालकांचा अर्ज, पुरावे, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता अशी त्याची वाट आहे. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती फार जिकिरीची होते. म्हणून प्रवेशानंतर आठवड्याभरात शाळेत जाऊन रजिस्टरमधली नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि तिची साक्षांकित प्रत मागून घ्या. शाळा एरवी हे सुचवत नाही, पण मागितले की देते.

नोंद पाहताना आणखी दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली जन्मतारीख. तुमच्या मुलीची तारीख अमेरिकेतल्या कागदांवर ०४/०७/२०२१ अशी असणार, कारण तिकडे महिना आधी लिहितात. आपल्याकडचा कारकून ती डोळे झाकून "चार जुलै दोन हजार एकवीस" अशी अक्षरी लिहील, आणि अक्षरी लिहिलेली तारीख म्हणजे पुढे काळ्या दगडावरची रेघ. बारा तारखेपर्यंत जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत हा धोका असतो. बाराच्या पुढची तारीख असेल तर निदान चूक लक्षात तरी येते. फॉर्मवर तुम्ही स्वतःच महिना अक्षरांत लिहा: ७ एप्रिल २०२१. पासपोर्टवरही महिना अक्षरांतच असतो, तेव्हा पुरावा म्हणून पासपोर्टचीच प्रत पुढे करा.

दुसरी गोष्ट नाव. आपल्या शाळा आडनाव, मुलाचे नाव, वडिलांचे नाव असे तिन्ही लिहितात. अमेरिकेतल्या जन्मदाखल्यावर बऱ्याचदा वडिलांचे नाव मधे नसते, आणि पासपोर्ट त्या दाखल्याप्रमाणे निघतो. शाळेत वडिलांचे नाव आपसूक चिकटले की दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव वेगळे होते. शाळेला लेखी कळवा की विद्यार्थ्याचे नाव पासपोर्टप्रमाणेच लिहावे आणि वडिलांचे नाव त्याच्या वेगळ्या रकान्यात ठेवावे. ही पद्धत आजीला परकी वाटेल, तिला समजावून सांगा.

बारावीनंतरचे मी आत्ताच का काढले, हे तुमच्या दोन मुलांच्या कार्डांच्या तारखांवरून कळेल. केंद्र सरकारने ४ मार्च २०२१ रोजी एक अधिसूचना काढली. त्याआधी शिक्षणाच्या बाबतीत ओसीआयधारक अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने धरले जात आणि प्रत्यक्षात अनेक राज्यांत सर्वसाधारण जागांवरही प्रवेश घेत. अधिसूचनेने ठरवले की नीट, जेईई मेन, जेईई ॲडव्हान्स्ड अशा अखिल भारतीय परीक्षा ओसीआयधारक देऊ शकतील, पण प्रवेश मिळेल तो फक्त एनआरआय जागांवर किंवा अधिसंख्य, म्हणजे ठरलेल्या संख्येवर वाढवून दिलेल्या, जागांवर. केवळ भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागा त्यांना मिळणार नाहीत. इथेच वाढलेल्या, इथेच शिकलेल्या मुलांवर ती कुऱ्हाड होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३ फेब्रुवारी २०२३ रोजी न्यायालयाने अधिसूचना वैध ठरवली, पण ती पुढच्या काळापुरतीच लागू होईल असे सांगितले. ज्यांचे ओसीआय कार्ड ४ मार्च २०२१ च्या आधीचे आहे, त्यांचा पूर्वीचा हक्क कायम राहिला.

याचा तुमच्या घरातला अर्थ असा. मुलाचे कार्ड २०१४ चे, म्हणजे तो जुन्या गटात. मुलगी जन्मलीच अधिसूचनेनंतर, ती नव्या गटात. एकाच घरातली, एकाच देशाचा पासपोर्ट असलेली भावंडे, आणि वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीच्या प्रवेशात दोघांचे रस्ते वेगळे. मला हा नियम मुलीच्या बाजूने पाहता फार कठोर वाटतो. सहा वर्षांची पोर इथे येणार, इथल्याच शाळेत बारा वर्षे घालवणार, आणि शेवटी वर्गातल्या मैत्रिणींबरोबर त्याच जागांसाठी उभी राहू शकणार नाही. पण नियम आज असा आहे, आणि तो तुम्हाला आत्ता माहीत असला तर तिच्या उच्चशिक्षणाच्या खर्चाचा आणि पर्यायांचा विचार करायला तुमच्या हातात पुरेशी वर्षे आहेत. एनआरआय आणि अधिसंख्य जागांचे शुल्क मोठे असते.

मुलाच्या बाबतीत मात्र एक काम आजच करा. त्याचे २०१४ चे मूळ ओसीआय पुस्तक जपून ठेवा आणि त्याच्या प्रत्येक पानाची स्कॅन प्रत दोन ठिकाणी ठेवा. अमेरिकेत सोळा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. दर वेळी नवा पासपोर्ट निघाला की तीन महिन्यांच्या आत त्याची प्रत आणि नवा फोटो ओसीआय पोर्टलवर चढवायचा असतो, आणि वयाच्या विसाव्या वर्षानंतर जो नवा पासपोर्ट निघेल त्यावर कार्ड एकदा नव्याने काढायचे असते. नव्या कार्डावर नवी तारीख येते. तेव्हा २०१४ मध्येच नोंदणी झाली होती हे दाखवणारा जुना कागद हातात नसेल, तर हक्क असूनही तो सिद्ध करताना तोंडाला फेस येतो. काही कुटुंबे नवे कार्ड मिळाल्यावर जुने पुस्तक कुठेतरी टाकून देतात. तसे करू नका.

जुन्या गटात असल्यामुळे सगळी दारे सताड उघडी आहेत, असेही समजू नका. राज्याच्या कोट्यातल्या जागांसाठी अधिवास आणि राष्ट्रीयत्वाच्या अटी असतात आणि त्या प्रत्येक प्रवेशप्रक्रियेच्या माहितीपुस्तिकेत दर वर्षी नव्याने छापल्या जातात. मुलगा अकरावीत गेला की त्या वर्षाची पुस्तिका स्वतः वाचा, क्लासवाल्यांच्या सांगण्यावर विसंबू नका. एनसीसीचेही विचारून ठेवा. तिथे भारतीय नागरिक किंवा नेपाळचे प्रजाजन एवढ्यांनाच घेतात. मुलाला हौस असेल तर त्याला आधीच सांगितलेले बरे.

नातेवाईक "मग मुलीचा भारतीय पासपोर्टच काढा" म्हणतील. भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकन पासपोर्ट एकाच वेळी बाळगणे कायद्यात बसत नाही. आणि अमेरिकेचे कायदे अल्पवयीन मुलाच्या वतीने आईवडिलांना नागरिकत्व सोडू देत नाहीत. हा निर्णय ती सज्ञान झाल्यावर स्वतः घेईल.

आता मुलाची इयत्ता. नववी तिकडे करून थेट दहावीत आणण्याचा विचार कृपा करून सोडून द्या. आपल्याकडे नववी-दहावी हा मंडळाच्या दृष्टीने एकत्र अभ्यासक्रम आहे. सीबीएसईत नोंदणी नववीत होते आणि दहावीत बाहेरून प्रवेश फार मोजक्या परिस्थितीत मिळतो. तुम्ही ठरवलेला नववीचाच मुहूर्त योग्य आहे. परदेशी मंडळातून नववीत किंवा अकरावीत येणाऱ्यांसाठी सीबीएसईची पूर्वपरवानगी पूर्वी लागायची, ती अट २०२१ मध्ये काढून टाकली. शाळा अजून मागत असेल तर तिला हे सांगा. नववीला शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण नसते, त्यामुळे शाळा त्याची चाचणी घेऊ शकते. बहुतेक ठिकाणी गणित आणि इंग्रजीची घेतात.

मंडळ निवडताना भाषांचा विचार आधी करा. राज्य मंडळात नववीला तीन भाषा असतात. जो मुलगा मराठी बोलतो पण जोडाक्षरे वाचताना अडखळतो, त्याला हे वर्ष जड जाईल. परदेशातून मधल्या इयत्तेत आलेल्या विद्यार्थ्याला मराठीतून सूट देण्याचा अधिकार २०२० च्या कायद्यात शासनाकडे आहे, तेव्हा शाळेमार्फत लेखी अर्ज करता येतो. पण मनापासून सांगते, शक्य असेल तर सूट मागण्याआधी वर्षभर रोज अर्धा तास वाचन करून घ्या. तुमच्याकडे तेवढा वेळ आहे. केंब्रिज या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या शाळेत नववी-दहावीचा आयजीसीएसई नावाचा दोन वर्षांचा क्रम त्याला सोयीचा पडेल. मात्र त्यानंतर राज्य मंडळाच्या अकरावीत यायचे तर विभागीय मंडळाकडून पात्रता प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि अकरावीचे प्रवेश आता राज्यभर केंद्रीभूत ऑनलाइन पद्धतीने होतात. मुलाचा कल अजून पक्का नसेल तर मी सीबीएसईकडे झुकेन.

वेळेची एक अडचण आहे. सीबीएसई शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, राज्य मंडळाच्या जूनच्या मध्यात, आणि न्यू जर्सीच्या शाळा जूनच्या उत्तरार्धापर्यंत चालतात. सीबीएसई ठरवली तर मुलाचे पहिले दोन महिने बुडतील. म्हणून २०२६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच शाळांशी बोलणी सुरू करा, आठवीच्या अर्ध्या वर्षाच्या प्रगतिपत्रकावर तात्पुरता प्रवेश मागा, आणि एप्रिल ते जूनचा अभ्यास तिकडे बसून करण्यासाठी पुस्तकांची यादी घ्या.

अमेरिकेतून काय काय आणायचे? तिकडच्या शाळा आपल्यासारखा शाळा सोडल्याचा दाखला देत नाहीत. शाळेच्या लेटरहेडवर मुलाचे नाव, जन्मतारीख, कोणत्या वर्षी कुठली इयत्ता पूर्ण केली, कोणत्या तारखेला शाळा सोडली आणि पुढच्या इयत्तेस पात्र आहे, एवढे लिहून सही-शिक्का घ्या. सोबत शेवटच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपत्रके. हे पत्र नोटरी करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून मिळणारे सरकारी प्रमाणपत्र, घ्या. अमेरिका आणि भारत दोन्ही हेग करारात असल्याने भारतीय दूतावासाच्या शिक्क्याची गरज उरत नाही. न्यू जर्सीत अपोस्टिलचे काम राज्याच्या ट्रेझरी खात्याकडे असते. जन्मदाखल्याचीही राज्याच्या रजिस्ट्रारने दिलेली प्रत घेऊन तिचे अपोस्टिल करून ठेवा. प्रत्येक शाळा मागेलच असे नाही, पण इथे आल्यावर ते टपालाने मिळवणे म्हणजे महिन्यांचा खेळ. दुबई, अबुधाबी, कुवेत, कतारमधून परतणाऱ्यांना मात्र अपोस्टिल मिळत नाही, कारण ते देश करारात नाहीत. त्यांनी तिथल्या परराष्ट्र खात्याचा आणि मग भारतीय दूतावासाचा शिक्का घ्यावा.

आधारवरून शाळेत हमखास तणातणी होते, म्हणून तेही सांगते. ओसीआयधारकाला आधार मिळते, पण अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत भारतात १८२ दिवस राहणे झालेले असावे लागते. जूनमध्ये आलात तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत अर्जच करता येणार नाही. ते आधार दहा वर्षांपुरते वैध असते. शाळा जूनमध्येच मागेल, कारण संचमान्यतेत, म्हणजे किती शिक्षक मंजूर होणार यात, आधार जुळलेले विद्यार्थी मोजले जातात. अनुदानित शाळेतल्या मुख्याध्यापकाची ती खरी काळजी आहे, त्याला दोष देऊ नका. पण आधार नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारवरील निकालात शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचे नसल्याचे स्पष्ट केले आहे. "डिसेंबरनंतर आधार काढून देऊ" असे लेखी हमीपत्र द्या, दोघांचेही काम भागते.

तुम्ही शेवटी मैत्रिणीसाठी विचारले आहे, जिच्या मुलांचे ओसीआय अजून निघालेले नाही आणि ती एंट्री व्हिसावर येणार आहेत. तिने शक्यतो निघण्यापूर्वी ओसीआय काढावे. नाहीच जमले तर व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असल्यास पोहोचल्यापासून १४ दिवसांच्या आत ई-एफआरआरओ पोर्टलवर नोंदणीचे पाहावे, आणि मुले शाळेत घालत असल्याचे त्याच वेळी लेखी कळवून उत्तर जपून ठेवावे. टुरिस्ट व्हिसावर मुलांना आणून नियमित शाळेत बसवणे हे मुळातच करू नये, शाळा तयार असली तरीही.

ज्या शाळेने नाही म्हटले तिला उद्याच ईमेल पाठवा. त्यात मुलांची नावे, इयत्ता, जन्मतारखा महिना अक्षरांत लिहून द्या, पासपोर्ट आणि ओसीआय कार्डांच्या प्रती जोडा. ओसीआयधारकाला शिक्षणासाठी वेगळा व्हिसा किंवा नोंदणी लागत नाही हे एका वाक्यात लिहा, आणि प्रवेश नाकारायचा असेल तर कारण लेखी कळवावे अशी विनंती करा. प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, पुणे यांना ठेवा. पंधरा दिवस वाट पाहा, आणि तोवर आणखी दोन शाळांचे फॉर्म भरून ठेवा.